सरासरी, स्ट्राइक रेट आणि आमच्या ओसरीवरचं भांडण

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्ये बरंच काही झालं, त्यातलं थोडं पुढे येईलच. निमित्त मात्र अगदीच भलतं आहे. अमेरिकन फुटबॉल!

झालं असं, की गेल्या महिन्यात अमेरिकेतल्या भाच्याचा फोन आला. आवाज चढलेला. म्हटलं, काय रे, बायकोशी भांडलास का? तर म्हणाला, "नाही मामा, मित्रांशी. क्वार्टरबॅकवरून." आता हा क्वार्टरबॅक म्हणजे कोण ते मला त्याच्याकडूनच समजून घ्यावं लागलं. त्यांच्या फुटबॉलमध्ये पायाला काम कमी आणि हाताला जास्त. क्वार्टरबॅकने चेंडू फेकायचा, पुढे पळणाऱ्या गड्याने तो झेलायचा. भाच्याच्या संघातला क्वार्टरबॅक जवळजवळचे, सोपे पास देतो. त्यामुळे त्याचे बहुतेक पास पूर्ण होतात आणि कागदावर तो फार गुणी दिसतो. मित्रांचं म्हणणं, त्याच्या हातात लांब फेकायची ताकदच नाही, आकडे फुकटचे आहेत. भाच्याचं म्हणणं, आकडे खोटं बोलत नाहीत.

ह्या लोकांनी क्वार्टरबॅकला मार्क द्यायचं एक सूत्र केलंय. १९७३ पासून ते त्यांच्या लीगमध्ये चालतं. पास पूर्ण होण्याचं प्रमाण, दर फेकीमागे मिळालेले यार्ड, टचडाऊन आणि प्रतिस्पर्ध्याने मध्येच पकडलेले चेंडू, ह्या चार गोष्टींची बेरीज-भागाकार करून आकडा येतो. पैकीच्या पैकी म्हणजे १५८.३. (शंभर का नाही, ते भाच्यालाही सांगता आलं नाही.) आणि त्यातली गंमत बघा. क्वार्टरबॅकने पाच यार्ड फेकलं आणि झेलणारा तिथून चाळीस यार्ड पळाला, तर फेकणाऱ्याच्या खात्यावर पंचेचाळीस यार्ड जमा! चेंडू हवेतून किती गेला, हे जुन्या हिशेबात दिसतच नाही. अलीकडे तेही वेगळं मोजतात म्हणे.

हे ऐकता ऐकता मी हसायला लागलो. भाचा वैतागला. म्हणाला, "मामा, हसायला काय झालं?" म्हटलं, बाळा, हे भांडण मी लहानपणापासून ऐकलंय. हिंगोलीत, आमच्या ओसरीवर. फक्त क्वार्टरबॅकचं नाव सुनील गावसकर होतं.

*

आमच्या नातेवाइकांना हे सगळं पाठ आहे, पण इतर मंडळींसाठी सांगतो. आमचं मूळ गाव वसमत तालुक्यातलं. वडील, म्हणजे अण्णा, हिंगोलीत प्राथमिक शाळेत मास्तर. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती, स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ला. अण्णांपेक्षा आठ वर्षांनी लहान आमचे तात्या. सख्खे काका. अण्णा म्हणजे घड्याळ. सायकलच्या हँडलला पिशवी, खिशात दोन पेन, पगाराच्या दिवशी पोस्टात पैसे. तात्या म्हणजे वारा. आज आडतीवर, उद्या ट्रकवर, परवा कुठे ते परवाच कळायचं. दोघांचं एकाच गोष्टीवर प्रेम होतं, क्रिकेट. आणि त्यावरूनच कडाक्याची भांडणं.

पहिलं आठवतं ते जून १९७५चं. मी सात वर्षांचा असेन. पहिला विश्वचषक. ७ जूनला लॉर्ड्सवर इंग्लंडने साठ षटकांत ४ बाद ३३४ केल्या. त्या काळात हा आकडा म्हणजे डोंगरच. आपण उत्तरादाखल साठ षटकं खेळलो आणि केल्या ३ बाद १३२. आणि सलामीला आलेला गावसकर शेवटपर्यंत नाबाद. धावा छत्तीस! चेंडू खेळला एकशे चौऱ्याहत्तर.

पेपर हातात घेऊन तात्या ओसरीवर आले ते ओरडतच. "अण्णा, मॅच खेळू लालता का पोथी वाचू लालता तुझा गावसकर? साठ ओव्हर अन् छत्तीस रन!"

अण्णा शांतपणे म्हणाले, "आऊट झाला का?"

"नाही."

"मग?"

त्या "मग?"वर तात्या जे भडकले ते दुपारच्या जेवणापर्यंत. आजी शेवटी म्हणाली, त्या गावसकराला एकदा घरी बोलवा न् काय ते विचारून घ्या, मला भांडी घासू द्या.

*

आता मागे वळून बघताना वाटतं, अण्णांच्या त्या एका शब्दात सरासरी नावाच्या गोष्टीचा सगळा इतिहास आहे.

सरासरी म्हणजे काय, तर एकूण धावा भागिले किती वेळा बाद झाला. बाद झाला नाही तर भाजक वाढत नाही. म्हणजे लॉर्ड्सच्या त्या छत्तीस धावांनी गावसकरची सरासरी चक्क वाढली! वरती छत्तीस मिळाले, खाली काहीच नाही. आपण २०२ धावांनी हरलो, पण सरासरीच्या वहीत ती खेळी निष्कलंक. पुढे खुद्द गावसकरनेही ती आपली फार वाईट खेळी असल्याचं मान्य केलं. सरासरीला मात्र त्याचं काही देणंघेणं नाही. तिला एकच प्रश्न विचारता येतो, तुझी एक विकेट काढायला समोरच्याला किती धावा मोजाव्या लागतात?

हा प्रश्न फालतू नव्हे. पाच दिवसांच्या कसोटीत तोच खरा प्रश्न असतो, कारण तिथे वेळ भरपूर आणि विकेट मोजक्या. अण्णांचा गावसकर तिथला होता. १९७१ला वेस्ट इंडिजमध्ये पहिल्याच मालिकेत चार कसोटीत ७७४ धावा. १९७९ला ओव्हलवर चौथ्या डावात २२१, ४३८चा पाठलाग करताना आपण ८ बाद ४२९वर थांबलो, नऊ धावा कमी पडल्या. ७ मार्च १९८७ला अहमदाबादला कसोटीतल्या दहा हजार धावा पुऱ्या, जगात पहिला. शेवटी १२५ कसोटी, १०,१२२ धावा, ३४ शतकं, सरासरी ५१.१२. अण्णांना हे आकडे देवाच्या आरतीसारखे यायचे.

पण एकदिवसीय सामन्यात हिशेब उलटतो. तिथे विकेट दहा असतात आणि चेंडू मोजके. मग विचारायचा प्रश्न असा, की एक चेंडू खर्च करून तू काय दिलंस? त्याचं उत्तर म्हणजे स्ट्राइक रेट, शंभर चेंडूंमागे धावा. लॉर्ड्सचा काढला तर येतो २०.६९. तात्यांना १९७५ला हा शब्द माहीत नव्हता. पण त्यांना जे म्हणायचं होतं ते हेच.

*

तात्यांकडे गावसकरविरुद्ध एक हुकमाचं पान असायचं. सी. के. नायडू. नागपूरचा माणूस, म्हणजे आपल्या शेजारचाच. तात्यांनी त्याला कधी बघितलेलं असणं शक्यच नव्हतं, पण सांगायचे असं की जणू स्वतः चेंडू आणून दिला होता.

गोष्ट डिसेंबर १९२६ची. आर्थर गिलिगनचा एमसीसी संघ भारतात आलेला. मुंबईच्या जिमखान्यावर हिंदू संघाकडून नायडू खेळायला उतरले आणि ११६ मिनिटांत १५३ धावा काढल्या, त्यात अकरा षटकार. साहेबांच्या गोलंदाजीची इतकी धुलाई आपल्या लोकांनी तोवर पाहिली नव्हती. भारतीय खेळाडू कसोटी खेळायच्या लायकीचे आहेत, हे त्या दौऱ्याने गिलिगनला पटलं. १९२८ला क्रिकेट बोर्ड स्थापन झालं, १९३२ला लॉर्ड्सवर पहिली कसोटी, आणि कर्णधार नायडूच.

"आता ह्याची सरासरी सांग," अण्णा म्हणायचे. तात्या गप्प. कारण नायडूंची कसोटीतली सरासरी बरोब्बर पंचवीस. सात कसोटी, ३५० धावा. मग अण्णा आपलं पान टाकायचे, विजय मर्चंट. दहा कसोटी, ८५९ धावा, सरासरी ४७.७२. प्रथम श्रेणीत तर ७१.६४. मोठी कारकीर्द असलेल्यांत वर फक्त ब्रॅडमन. "पंचवीस मोठे का सत्तेचाळीस? तिसरीतलं पोरगं सांगेल."

खरं तर ह्या तुलनेत दोघांवरही अन्याय होतो. नायडू पहिली कसोटी खेळले तेव्हा छत्तिसाव्या वर्षात... नव्हे, छत्तीस पूर्ण होऊन गेलेले. त्यांची भरातली वर्षं कसोटीच्या वहीत आलीच नाहीत. मर्चंटना अठरा वर्षांत दहाच कसोटी मिळाल्या आणि शेवटच्या कसोटीत, १९५१ला दिल्लीत, चाळिशीत १५४ काढून ते थांबले. दोघांच्याही आकड्यांत मोठी भोकं आहेत. त्या भोकांतून एका बाजूला वय गेलं, दुसऱ्या बाजूला महायुद्ध.

आणि सगळ्यात मजेशीर भोक असं, की नायडूंचा स्ट्राइक रेट आज कुणालाच सांगता येणार नाही. त्या काळी फलंदाजाने खेळलेले चेंडू सर्रास लिहून ठेवत नसत. धावा लिहीत, फार तर मिनिटं. म्हणजे ज्या एका आकड्याने तात्या जिंकले असते, तो आकडा कुणी मोजलाच नव्हता! मोजणाऱ्यांना तेव्हा तो महत्त्वाचा वाटला नाही. आपण काय मोजतो त्यावरून आपल्याला काय हवं होतं ते कळतं.

मग तात्या आकडे सोडून थेट दंतकथेवर यायचे. १९३२च्या दौऱ्यात बर्मिंगहॅमला, एजबॅस्टनवर, नायडूंनी असा षटकार मारला की चेंडू नदी ओलांडून शेजारच्या परगण्यात गेला! रिया नावाची ती नदी आहे, आणि ती दोन परगण्यांची हद्द होती असं सांगतात. अण्णा म्हणायचे, "नदी ओलांडली तरी सहाच ना रे? दोरीपलीकडे टप्पा पडला तरी सहा." ह्यावर तात्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "कागदावर सहाच, अण्णा. पण बॉलिंग टाकणाऱ्याच्या पोटात किती गोळा येतो ते कुठं लिहितेत?"

भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो दोन सेकंद गप्प झाला. लांब फेकता येणारा क्वार्टरबॅक असला की बचाव करणाऱ्यांना मागे मागे सरून उभं राहावं लागतं, आणि त्यामुळे जवळची जागाही मोकळी होते. लांबचा पास त्याने फेकला नाही तरी त्याची भीती कामाला येते. ती भीती कुठल्या रकान्यात लिहायची?

ह्या दोघांचं एकमत व्हायचं ते फक्त भाऊसाहेब निंबाळकरांवर. डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. निंबाळकर नाबाद ४४३, ब्रॅडमनचा ४५२चा जागतिक विक्रम नऊ-दहा धावांवर, आणि काठियावाडच्या कर्णधाराने, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, खेळ पुढे चालू ठेवायलाच नकार दिला. संघ सामान आवरून निघून गेला. निंबाळकरांना पुढे एकही कसोटी मिळाली नाही. हा विषय निघाला की दोघेही चहाचा कप खाली ठेवायचे आणि एका सुरात ठाकूरसाहेबांना शिव्या. तेवढी दोन मिनिटं घरात शांतता.

*

आता १९८७. मी नांदेडला इंजिनिअरिंगला होतो आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो होतो. त्या वर्षी घरात क्रिकेटपेक्षा मोठं भांडण चालू होतं. तात्यांना शेतीतला आपला वाटा विकून स्पेअर पार्टचं दुकान टाकायचं होतं. अण्णा म्हणत, जमीन विकायची नाही. हा विषय त्यांच्यात सरळ कधी निघायचा नाही. निघायचा तो गावसकरवरूनच. "सेट झालेल्या माणसानं विकेट फेकू नाही," असं अण्णा म्हणाले की आई माझ्याकडे बघायची. गोष्ट क्रिकेटची नाही हे पोरांनाही कळायचं.

३१ ऑक्टोबरला विश्वचषकातला भारत-न्यूझीलंड सामना नागपूरला. तात्या दोन मित्रांना घेऊन एसटीने आदल्या दिवशीच गेले. अण्णा रेडिओला चिकटून.

न्यूझीलंडने पन्नास षटकांत ९ बाद २२१ केल्या. चेतन शर्माने ओळीने तीन त्रिफळे उडवले, विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक. नुसतं जिंकून आपलं भागणार नव्हतं. गटात पहिलं यायचं तर धावगतीत ऑस्ट्रेलियाला मागे टाकायला हवं होतं. पहिलं आलो तर उपांत्य सामना मुंबईत इंग्लंडशी, नाहीतर लाहोरला जाऊन पाकिस्तानशी. आणि त्या दिवशी अंगात ताप असलेला, अडतीस वर्षांचा गावसकर सुटला. श्रीकांतने ५८ चेंडूंत ७५ केल्या. आणि गावसकर नाबाद १०३, फक्त ८८ चेंडूंत! बत्तीस षटकं आणि एका चेंडूत सामना संपला. १०७ एकदिवसीय सामन्यांत त्याचं हे पहिलं शतक. आणि एकुलतं एकच राहिलं, कारण पाच दिवसांनी वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध तो चार धावांवर त्रिफळाचीत झाला, आपण हरलो, आणि तो त्याचा शेवटचा एकदिवसीय सामना ठरला.

तात्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले. आवाज पूर्ण बसलेला. चप्पल काढता काढताच म्हणाले, "बघितलं का अण्णा! मारता येतंय त्याला. मग बारा वर्षं काय करू लालता?"

अण्णा म्हणाले, "बारा वर्षं टिकला, म्हणून काल मारता आलं."

दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटत होतं. एकच खेळी, तेच आकडे, आणि दोन्ही बाजूंचा पुरावा! आज मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. लॉर्ड्सचे नाबाद छत्तीस आणि नागपूरचे नाबाद एकशे तीन, सरासरीच्या दृष्टीने दोन्ही डाव एकाच जातीचे. वर धावा, खाली शून्य. एकाचा स्ट्राइक रेट वीस, दुसऱ्याचा एकशे सतरा. तोच माणूस, तेच मनगट. फरक होता तो त्या दिवशी काय हवं आहे ह्याचा, आणि ते त्याला उमजलं की नाही ह्याचा.

(एक योगायोग मला फार उशिरा कळला. सी. के. नायडूंचा जन्म नागपूरचा, ३१ ऑक्टोबर १८९५चा. म्हणजे गावसकर तात्यांच्या मनासारखा खेळला तो नायडूंच्या गावात, नायडूंच्या वाढदिवशी! हे मी तात्यांना सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की महिनाभर येईल त्याला तेच सांगत होते.)

*

पुढच्या वर्षी वाटण्या झाल्या. तात्यांनी आपली तीन एकर विकली आणि दुकान टाकलं. अण्णा वर्षभर त्या दुकानाची पायरी चढले नाहीत.

दुकान चाललं, मग बुडालं, मग पुन्हा चाललं. हिशेब मांडायचा तर मांडता येईल. माझ्या शेवटच्या दोन वर्षांची फी तात्यांनी भरली, कारण मास्तरच्या पगारात ताईचं लग्न आणि माझी फी एकदम बसत नव्हती. नोटांचं पुडकं आईच्या हातात दिलं आणि निघून गेले, चहासुद्धा घेतला नाही. आणि १९९६ला दुकान बसलं तेव्हा तात्यांच्या दोन्ही मुली वर्ष-दीड वर्ष आमच्याकडे जेवल्या. अण्णांचा पगार पहिल्या तारखेला यायचा म्हणून जेवल्या. विकली गेली नाही त्या जमिनीत आज हळद आहे, आणि तिच्यातला वाटा अण्णांनी तात्यांच्या मुलींना न मागता दिला.

कुणाची सरासरी चांगली आणि कुणाचा स्ट्राइक रेट, हे मी ठरवत बसत नाही. मी स्वतः बरीच वर्षं अण्णांना मनातल्या मनात भित्रा म्हणत आलो. हे आज इथे लिहून टाकतो. एका गावात, एका शाळेत, एका सायकलवर आयुष्य काढलेला माणूस, साठ ओव्हरमध्ये छत्तीस. असंच वाटायचं मला. तात्यांना एवढे फटके मारता आले ते दुसऱ्या टोकाला कुणीतरी उभं होतं म्हणून, हे कळायला मला माझी पन्नाशी यावी लागली. आणि अण्णांना उभं राहता आलं ते तात्या मध्येमध्ये धावफलक हलवत होते म्हणून, हेही तितकंच खरं. भागीदारीचा आकडा दोघांत वाटता येत नाही.

गेल्या वर्षी तात्या गेले. अण्णा ब्याऐंशीचे आहेत. रडले नाहीत, फारसं बोललेही नाहीत. टीव्हीवर मॅच लागली की आवाज बंद करून बघतात.

परवा हिंगोलीला गेलो होतो. रात्री जेवणं झाल्यावर ओसरीवर बसलो, तेव्हा भाच्याची ती क्वार्टरबॅकची गोष्ट अण्णांना सांगितली. त्यांना बरी वाटेल म्हणून मुद्दाम म्हटलं, "शेवटी आकडेच खरे अण्णा. गावसकर लॉर्ड्सला नाबाद होता, हे काही कुणाला पुसता येत नाही."

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग एकदम म्हणाले, "काय सांगतोस? साठ ओव्हर अन् छत्तीस रन! मॅच खेळू लालता का पोथी वाचू लालता तो?"

शब्द न् शब्द तात्यांचा. हेलसुद्धा तोच.

मी बघतच राहिलो. आता ती बाजू मांडायला दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून ती त्यांनी स्वतःकडे घेतली होती. मग मला अण्णांची बाजू घेणं भाग पडलं. १९७१चे ७७४ काढले, ओव्हलचे २२१ काढले. त्यांनी नायडू काढला, अकरा षटकार काढले, एजबॅस्टनची नदीसुद्धा काढली. मी म्हटलं, नदी ओलांडली तरी सहाच ना?

साडेअकराला आतून आईचा आवाज आला, "झोपता का आता, शेजारचे उठतील."

अण्णा म्हणाले, "थांब गं. निंबाळकर राहिलाय अजून."